मुलाला केराटोकोनस आहे: सी-थ्री-आर लगेच करायचं की थांबायचं?

ताई, मुलाला केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होत शंकूसारखी पुढे येण्याचा आजार, आहे हा तुमचा प्रश्न आणि सोबतचे आकडे दोनदा वाचले. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीला. दोन वर्षांत चार चष्मे झाले. उजव्या डोळ्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे काचेच्या वाकडेपणाचा नंबर, दीडवरून साडेचारवर गेला आणि नवा चष्मा लावूनही तो त्या डोळ्याने ६/१८ च्या ओळीपर्यंतच वाचतो. डावा डोळा ६/६, म्हणजे पूर्ण नजर. स्कॅनमध्ये उजवीकडे के-मॅक्स, म्हणजे सर्वांत जास्त बाकाचा आकडा, ५४.२ आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४५८ मायक्रॉन, डावीकडे ४६.८ आणि ४९२. एका डॉक्टरांनी लगेच सी-थ्री-आर, म्हणजे थेंब आणि अतिनील किरणांनी ती काच घट्ट करायचा उपचार, सांगितला, दुसऱ्यांनी सहा महिने थांबून बघू म्हटलं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतंय की अठरा पूर्ण झाली की लेसरने नंबरच काढून टाका. तुम्हाला रात्री झोप लागत नाही, कारण नजर जाईल का आणि डोळा बदलावा लागेल का, हे कुणीच स्पष्ट सांगितलेलं नाही.

आधी उत्तरं देतो, कारणं मागाहून. या आजाराने डोळ्यांपुढे पूर्ण अंधार होत नाही. उजव्या डोळ्याचं सी-थ्री-आर करून घ्या, आणि तेही येत्या काही आठवड्यांत. बारावीची परीक्षा संपेपर्यंत थांबू नका. लेसरने नंबर काढण्याचा विचार या मुलासाठी कायमचा सोडून द्या. आणि आजपासून त्याने डोळे चोळायचे नाहीत, एकदाही नाही. मी त्याचा डोळा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण बावीस वर्षं कॉर्नियाचेच रुग्ण पाहतोय, आणि या वयात, या आकड्यांना मी माझ्या स्वतःच्या मुलालाही थांबवलं नसतं.

आता आजार काय आहे ते. काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो, तो कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुतेकांची ५२० ते ५५० मायक्रॉनच्या आसपास. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून पडद्यावर आणण्याचं दोन तृतीयांश काम ही काच एकटी करते. ती आतून कोलॅजनच्या तंतूंची विणलेली असते. जुन्या बाजेची सुतळी सैल झाली की मध्ये झोळ पडतो, आणि रोज वजन पडत राहिलं की झोळ वाढत जातो. केराटोकोनसमध्ये तसंच होतं. तंतूंची एकमेकांवरची पकड सैल पडते, डोळ्याच्या आतला साधा, नॉर्मल दाबही त्या जागेला पेलवत नाही, आणि काच तिथे पातळ होत शंकूसारखी पुढे येते. दाब वाढलेला नसतो. दाब सोसणारी वीण कमजोर झालेली असते. ‘डोळ्याचा दाब तर नॉर्मल आलाय, मग हे कशाने?’ असं बरेच पालक विचारतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

शंकू गोल घुमटासारखा नियमित नसतो, बहुधा मध्यापासून थोडा खाली आणि बाजूला असतो. म्हणून चष्म्याची काच त्याचा नंबर पुरता काढू शकत नाही. चष्मा नियमित वाकडेपणा सुधारतो. अनियमित वाकडेपणा त्याच्या आवाक्याबाहेरचा. मुलाला विचारून बघा: रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटल्यासारख्या दिसतात का? एका डोळ्याने चंद्र पाहिला तर एकावर एक सरकलेले दोन-तीन चंद्र दिसतात का? फळ्यावरच्या अक्षरांना सावली दिसते का? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात, आणि बहुतेकांनी ते घरी कधी सांगितलेलं नसतं, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटत असतं.

निदान उशिरा का होतं, याबद्दल मला मनापासून लिहायचंय. आपल्याकडे तालुक्याच्या गावात मूल चष्म्याच्या दुकानात जातं, संगणकाचं यंत्र एक चिठ्ठी छापतं, त्या चिठ्ठीवरून चष्मा तयार होतो. सहा महिन्यांनी नंबर बदलला की पुन्हा चिठ्ठी, पुन्हा चष्मा. ‘मोबाइल बघतोस म्हणून नंबर वाढतोय’ म्हणून मुलाला बोलणी बसतात. दोन वर्षं अशीच जातात. खरं तर सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी वाढणं, त्याचा अक्ष, म्हणजे चिठ्ठीवरचा कोन, सरकत राहणं, आणि नवा चष्मा लावूनही शेवटची ओळ न वाचता येणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कॉर्नियाचा स्कॅन झाल्याशिवाय पुढचा चष्मा देऊच नये. मोबाइलने केराटोकोनस होत नाही.

आणि पहिला संशय यायला महागडं यंत्र लागत नाही. रेटिनोस्कोप नावाचं हातात धरायचं छोटं उपकरण असतं. त्याचा उजेड बाहुलीत टाकून हलवला की निरोगी डोळ्यात लाल पट्टा एकसंध सरकतो. शंकू असलेल्या डोळ्यात तो कात्रीच्या पात्यांसारखा उघडतो-मिटतो. एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. संगणकाच्या यंत्रामुळे ही सवय सुटत चाललीय. नव्या ऑप्टोमेट्रिस्टना, म्हणजे नंबर तपासणाऱ्यांना, माझं कळकळीचं सांगणं असतं की सोळा-सतरा वर्षांच्या प्रत्येक सिलिंडर नंबरवाल्या मुलाच्या डोळ्यात रेटिनोस्कोपने एकदा बघाच.

आजार पुढे गेला की मायक्रोस्कोपखाली खुणा दिसतात. शंकूच्या पायथ्याशी लोहाचं तपकिरी कडं असतं, त्याला फ्लायशर रिंग म्हणतात. खोलवर बारीक उभ्या रेघा असतात, त्या फोख्टच्या रेघा. पापणीवरून हलका दाब दिला की त्या क्षणभर पुसल्या जातात. आणखी पुढे गेल्यावर मुलाने खाली पाहिलं की खालच्या पापणीला इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन येतो. पण ही शेवटची खूण दिसेपर्यंत वाट पाहिली, तर आपण उशीर केला असं समजावं.

म्हणून स्कॅन. तुमच्या कागदावर जे रंगीत नकाशे आहेत, त्यात लाल-केशरी म्हणजे जास्त उंचवटा किंवा जास्त बाक, निळा म्हणजे सपाट. के-मॅक्स म्हणजे सर्वांत जास्त बाक असलेल्या जागेचा आकडा. निरोगी कॉर्नियाचा बाक साधारण ४३-४४ डायॉप्टर असतो; डायॉप्टर हे बाकाचं माप. ५४ म्हणजे शंकू स्पष्ट आहे, मध्यम स्वरूपाचा. पण डॉक्टरांनी बघायचा सर्वांत महत्त्वाचा नकाशा असतो मागच्या पृष्ठभागाचा. आजाराची सुरुवात बऱ्याचदा मागून दिसते, कारण पुढच्या बाजूचा वरचा नाजूक थर स्वतःच शंकूच्या टोकावर पातळ होऊन उंचवटा काही काळ झाकून ठेवतो. पुढचं पृष्ठ तेवढं मोजणाऱ्या जुन्या यंत्रांना हे कळत नाही. शाइमफ्लुग कॅमेऱ्याची यंत्रं, ज्यांतलं पेंटाकॅम आपल्याकडे सर्वांत माहितीचं आहे, किंवा डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे प्रकाशाने थर दाखवणारा स्कॅन, यांनी दोन्ही पृष्ठं आणि प्रत्येक बिंदूची जाडी कळते.

याच कारणाने तुमच्या मुलाच्या डाव्या डोळ्याला मी ‘चांगला डोळा’ म्हणणार नाही. ६/६ दिसतंय हे छानच. पण ४६.८ आणि ४९२ हे आकडे या वयात, उजव्या डोळ्यात आजार असताना, मला निश्चिंत करत नाहीत. केराटोकोनस जवळजवळ नेहमी दोन्ही डोळ्यांत असतो, एकात पुढे, एकात मागे. डाव्या डोळ्याच्या मागच्या पृष्ठाचा नकाशा कसा आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

आता ‘सहा महिने थांबून बघू’ या सल्ल्याकडे येतो. तो सल्ला देणारे डॉक्टर चुकीचे आहेत असं नाही. तीस-पस्तिशीच्या रुग्णात मीही तसंच करतो: दोन स्कॅन काही महिन्यांच्या अंतराने काढायचे, के-मॅक्स वर्षात एक डायॉप्टरने किंवा जास्त वाढला, जाडी कमी झाली, तरच सी-थ्री-आर. कारण त्या वयात आजार बऱ्याचदा आपोआप मंदावतो. कॉर्नियाचे तंतू वयाबरोबर नैसर्गिकरीत्याच एकमेकांना घट्ट बांधले जातात, चाळिशीच्या आसपास वाढ बहुधा थांबते. सोळाव्या वर्षी तसं नसतं. किशोरवयात हा आजार सर्वांत वेगाने धावतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या, आजार वाढत असलेल्या ६० मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. अर्ध्यांना क्रॉसलिंकिंग, म्हणजेच सी-थ्री-आर, केलं, अर्ध्यांना फक्त चष्मा-लेन्स देऊन पाहिलं. दीड वर्षाने, ज्यांना उपचार मिळाला त्या ३० पैकी २ मुलांचा आजार वाढला होता. ज्यांना मिळाला नाही त्या २८ पैकी १२ जणांचा. शिवाय तुमच्याकडे वाढीचा पुरावा आधीच आहे: दोन वर्षांत दीडचा साडेचार झालेला सिलिंडर. चार चष्म्यांच्या चार चिठ्ठ्या हाच तुमचा पुरावा, त्या सांभाळून ठेवा.

मी हे इतक्या ठामपणे लिहितो त्यामागे एक मुलगा आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला. चौदा वर्षांचा होता, आकडे तुमच्या मुलाच्या डाव्या डोळ्यापेक्षा थोडेच वाईट. मी वडिलांना म्हटलं, ‘सहा महिन्यांनी या, वाढलं तर बघू.’ ते आले दीड वर्षाने. शेतीची कामं, मग बहिणीचं लग्न. तोवर शंकूचं टोक इतकं पातळ झालं होतं की सी-थ्री-आर करता येईना, आणि पुढच्या वर्षी त्या डोळ्याच्या कॉर्नियाचं प्रत्यारोपण करावं लागलं. चूक त्या वडिलांची नव्हती. सहा महिन्यांनी या म्हणजे सहाच महिन्यांनी या, आणि नाही आलात तर काय होईल, हे मी त्यांना समजेल असं सांगितलं नव्हतं. तेव्हापासून अठराच्या आतल्या मुलात आजार नक्की असेल तर मी वाढ सिद्ध होण्याची वाट पाहत नाही.

तुमच्या बाबतीत घाईला आणखी एक कारण आहे, आणि ते निव्वळ हिशोबाचं आहे. सी-थ्री-आरमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ थर आधी काढतात. तो साधारण ५० मायक्रॉनचा असतो. ४५८ मधून ५० गेले की उरतात ४०८. नेहमीच्या पद्धतीसाठी किमान ४०० मायक्रॉन उरावे लागतात, कारण त्याहून पातळ असेल तर अतिनील किरण आतल्या पेशींच्या थरापर्यंत पोहोचून त्याला इजा करू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलाच्या हातात आज आठ-दहा मायक्रॉनची जागा आहे. चारशेच्या खाली गेल्यावरही मार्ग आहेत: कॉर्नियाला थोडं फुगवणारे खास थेंब, किंवा वर या उपचाराच्या रायबोफ्लेविन थेंबांत भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून किरण देणं. पण सरळ रस्ता उघडा असताना आडवाटेवर का जायचं?

सी-थ्री-आर म्हणजे काय, ते थोडक्यात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ झायलर, एबरहार्ड श्पर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी ही पद्धत घडवली आणि २००३ साली माणसांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधी या आजाराची वाढ थांबवणारं डॉक्टरांच्या हाती काहीच नव्हतं. शंकू वाढताना पाहायचा आणि शेवटी कॉर्निया बदलायचा, एवढंच. मूळ पद्धतीत थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब घालतात आणि मग अर्धा तास ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण देतात. किरण आणि रायबोफ्लेविन मिळून तंतूंमध्ये नवे आडवे बंध तयार होतात. बाजेला आडव्या सुतळीचे जादा फेरे भरावेत तसं. आता बऱ्याच ठिकाणी किरणांची ताकद वाढवून वेळ दहा मिनिटांवर आणतात. माझ्या मते सोळा वर्षांच्या मुलात थर काढूनच करावं. थर न काढता करायची पद्धत कमी दुखते, पण वेगाने वाढणाऱ्या आजारात मला तिच्यावर अजून तेवढा भरवसा वाटत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे सरळ विचारा: थर काढणार की नाही, किरण किती वेळ, आणि थर काढल्यावर टेबलावर पुन्हा जाडी मोजणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायलाच हवं.

इंजेक्शन नाही, टाके नाहीत, बधिर करायचे थेंब पुरतात, मुलगा त्याच दिवशी घरी येतो. पण पुढचे तीन-चार दिवस तो तळमळेल, हे आधीच माहीत असू द्या. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. वर पट्टीसारखी एक मऊ लेन्स ठेवलेली असते. थर भरून आला की ती डॉक्टरच काढतात. ती आपोआप निघून पडली तर घरी पुन्हा घालायची नाही, फोन करायचा. त्या दिवसांत डोळ्यात नळाचं पाणी नको, डोक्यावरून आंघोळ नको, थेंबांची वेळ चुकवायची नाही. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो तेव्हा याच आठवड्यात होतो. दुखणं कमी होत असताना अचानक वाढलं किंवा काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसला, तर सकाळची वाट पाहू नका.

त्यानंतर एक-दोन महिने नजर आधीपेक्षाही धूसर वाटेल. कॉर्नियावर हलकं धुकं येतं, ते हळूहळू विरतं. या काळात स्कॅन काढला तर के-मॅक्स वाढलेलाही दिसू शकतो, घाबरू नका. खरी तुलना सहा महिन्यांनी आणि वर्षाने करायची, आणि तीही त्याच यंत्रावर. एका यंत्राचे आकडे दुसऱ्याशी ताडून ‘वाढला’ किंवा ‘कमी झाला’ म्हणणं चूक आहे.

आणि इथे सर्वांत मोठा गैरसमज. सी-थ्री-आर नजर सुधारण्यासाठी नसतं. ते आजार आहे तिथे रोखण्यासाठी असतं. बाजेला आडवी सुतळी भरली म्हणून पडलेला झोळ वर येत नाही. आणखी खोल जायचा थांबतो, इतकंच. काहींचा बाक वर्षभरात एक-दोन डायॉप्टरने कमी होतो, पण ते वरचं बक्षीस समजावं. वाढ थांबवणं आणि स्पष्ट दिसायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या उपचारांनी होतात. हे आधी न कळल्यामुळे, ‘एवढा खर्च केला आणि चष्मा तसाच,’ असं म्हणून माझ्याकडे येणारे पालक दर महिन्याला भेटतात. त्यांच्या मुलांचं ऑपरेशन उत्तम झालेलं असतं.

स्पष्ट दिसण्याचं काम करतात खास कॉन्टॅक्ट लेन्स. बाजारातल्या साध्या मऊ लेन्स कॉर्नियाचाच आकार घेतात, त्यामुळे फारसा उपयोग नाही. कडक, हवा आत जाऊ देणारी आरजीपी लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही. तिच्या आणि खडबडीत कॉर्नियाच्या मध्ये अश्रूंचा थर भरतो, आणि खड्डे-उंचवटे असलेली जमीन सारवून सपाट करावी तसा डोळ्याला नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. या आजारासाठी घडवलेल्या रोझ-के लेन्स न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांच्या, आपल्याकडेही मिळतात. आरजीपी सहन होत नसेल तर स्क्लेरल लेन्स. ती आकाराने मोठी, कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते, आणि आत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइन भरून घालायची असते. चष्म्याने ६/१८ असलेला मुलगा या लेन्स घालून ६/६ किंवा ६/९ वाचतो, तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा असतो. मात्र ती बसवणं हे कसबाचं काम आहे. दोन-चार फेऱ्या लागतात, पहिल्या दिवशी जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका. लेन्स कधीही नळाच्या पाण्याने धुवायची नाही, घालून झोपायचं नाही. पाण्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्म जीवाचा संसर्ग डोळ्याला झाला, तर त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. सी-थ्री-आरनंतर डोळा स्थिरावला, की साधारण दोन-तीन महिन्यांनी लेन्स बसवायला घेता येते.

इतर मार्गांवर थोडंच लिहितो, कारण आज तुम्हाला त्यांची गरज नाही. कॉर्नियाच्या आत कमानीसारखे तुकडे बसवून शंकू सपाट करतात, प्लास्टिकचे किंवा दान मिळालेल्या कॉर्नियाचे. दुसऱ्या प्रकारात चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांचं काम जगभर ओळखलं जातं. लेन्स अजिबात चालत नसतील तर त्याचा विचार होतो. प्रत्यारोपण सर्वांत शेवटी, व्रण पडला किंवा लेन्सनेही दिसेना तेव्हा. आणि तेव्हाही शक्य असेल तर पूर्ण कॉर्निया बदलत नाहीत. डाल्क नावाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाचा स्वतःचा सर्वांत आतला थर जपून वरचे थर बदलतात, त्यामुळे शरीराने तो नाकारण्याचा धोका बराच कमी होतो. वेळेवर सी-थ्री-आर झालेल्या मुलांपैकी फार थोडे तिथपर्यंत जातात. तरी एक गोष्ट ओळखून ठेवा: शंकू असलेला डोळा एखाद्या दिवशी अचानक दुखून, पाणी येऊन, काळ्या भागावर पांढरट सूज दिसली, तर त्याला हायड्रॉप्स म्हणतात. आतला पडदा फाटून पाणी कॉर्नियात शिरतं. घाबरवणारं दिसतं, पण दोन-चार महिन्यांत सूज उतरते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि कुणी लगेच कॉर्निया बदला म्हटलं तर दुसरं मत घ्या.

लेसरबद्दल. लासिक असो, स्माइल असो, कॉर्नियाचा भाग काढूनच नंबर घालवला जातो. जी भिंत आधीच पातळ आणि सैल आहे तिच्या विटा काढल्यासारखं ते आहे. पोलीस भरती, सैन्य भरतीसाठी चष्मा घालवायचा म्हणून दरवर्षी मुलं येतात, आणि त्यांतल्या काहींना तिथेच पहिल्यांदा कळतं की त्यांना केराटोकोनस आहे. त्या स्कॅनमुळे ते वाचतात. स्कॅन न करता कुणी लेसर करतो म्हणाला, तर तिथून उठून या. सी-थ्री-आरसोबत अगदी थोडं, कॉर्नियाच्या नकाशानुसार लेसर करण्याची एक पद्धत आहे, पण ती चष्मा घालवायला नसते आणि ४५८ मायक्रॉनच्या डोळ्यात, वाढत्या वयात, मी तिचा विचार करणार नाही.

आता चोळणं. तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून उन्हाळ्यात त्याचे डोळे लाल व्हायचे, खाज यायची, धाग्यासारखी चिकट घाण यायची. ही ॲलर्जी आपल्या कोरड्या, धुळीच्या हवेत मुलांना फार होते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीवरच्या माणसांची पाहणी झाली होती, तिचे आकडे २००९ साली आले: २.३ टक्के लोकांच्या कॉर्नियाचा बाक केराटोकोनस म्हणावा इतका होता. ती पाहणी नकाशा न काढता साध्या मोजणीवर होती, म्हणून आकडा जपून घ्यावा. पण पाश्चात्त्य पुस्तकांत वर्षानुवर्षं ‘दोन हजारांत एक’ छापलं जायचं, त्याच्या पुढे हा आकडा ठेवला की आपल्या डॉक्टरांनी किती जागरूक राहायला हवं ते कळतं.

चोळण्यानेच आजार होतो की आधीच कमजोर कॉर्निया चोळण्याने ढासळतो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. रुग्णासाठी दोन्हींचा अर्थ एकच. मी प्रत्येक मुलाला सांगतो, ‘घरी कसा चोळतोस ते करून दाखव.’ आई म्हणते, ‘तो नाही हो चोळत,’ आणि मुलगा बोटाच्या सांध्याने डोळा गरागरा फिरवून दाखवतो. दुसरं विचारतो ते झोपण्याबद्दल. पालथं किंवा एका कुशीवर, हात नाहीतर उशी डोळ्यावर दाबून झोपतो का? बऱ्याचदा जास्त बिघडलेला डोळा त्याच बाजूचा निघतो. एक-दोन रात्री तो झोपल्यावर जाऊन बघा. तसं असेल तर काही आठवडे प्लास्टिकचं कडक डोळा-झाकण लावून झोपवा, सवय मोडते.

नुसतं ‘चोळू नको’ म्हणून भागत नाही, खाज थांबवावी लागते. थंड पाण्याच्या घड्या, खाज कमी करणारे ओलोपॅटाडिनसारखे थेंब, गरज पडली तर टॅक्रोलिमसचं मलम, हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब मात्र घरात असतील तर आज फेकून द्या. त्यांनी दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक वर्षभर घालत राहतात, आणि काचबिंदू होऊन डोळ्याची नस सुकते. शंकूपायी गेलेली नजर लेन्स लावून किंवा कॉर्निया बदलून परत मिळते. काचबिंदूने गेलेली कशानेच मिळत नाही. सी-थ्री-आरच्या आधी ॲलर्जी आटोक्यात असायलाच हवी, नाहीतर बांधलेली वीण मुलगा पुन्हा चोळून सैल करेल. या एका कारणासाठी दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या, तो उशीर मला चालतो.

रायबोफ्लेविनच्या गोळ्या खाऊन उन्हात बसायचा एक सल्ला हल्ली मोबाइलवर फिरतो. त्याने वाढ थांबते असा भरवशाचा पुरावा नाही, आणि डोळ्याचे व्यायाम, त्राटक, तुपाचे थेंब यांचाही या आजाराला उपयोग नाही. त्यात जो वेळ जातो, तोच नेमका तुमच्याकडे नाही.

तर पुढचं असं करा. या आठवड्यात चारही चष्म्यांच्या चिठ्ठ्या आणि स्कॅनची मूळ फाइल घेऊन कॉर्निया बघणाऱ्या डॉक्टरांना भेटा. पुन्हा स्कॅन होणार असेल आणि मुलगा मऊ लेन्स वापरत असेल तर त्या आठवडा-दोन आठवडे आधी बंद ठेवा, नाहीतर नकाशा फसवतो. उजव्या डोळ्यासाठी कॉलेजची आठवड्याभराची सुट्टी पुरते. डाव्या डोळ्याने तो अभ्यास करू शकेल. डाव्या डोळ्याचा स्कॅन दर तीन महिन्यांनी, आणि जरा जरी सरकला तरी त्याचंही सी-थ्री-आर, तिथे चर्चा नको. दोन्ही डोळे एकाच दिवशी करू नयेत असं माझं मत. उपचारानंतरही वर्षातून एकदा स्कॅन तिशीपर्यंत चालू ठेवा, कारण लहान वयात केलेल्या काही थोड्या मुलांत आजार पुन्हा हलतो आणि सी-थ्री-आर दुसऱ्यांदा करावं लागतं.

शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिलंय की धाकट्या मुलीलाही यंदा सिलिंडर नंबर लागलाय. हा आजार काही घरांत भावंडांत दिसतो, म्हणून तिचाही कॉर्नियाचा स्कॅन करून घ्या. त्याला डोळ्याला काही टेकवावं लागत नाही, दुखत नाही, प्रत्येक डोळ्याला काही सेकंद लागतात. दादाला दाखवायला न्याल त्याच दिवशी तिलाही सोबत न्या.